तीन लाख लोक आणि ऐंशीहून अधिक बेटे: वानुआतू आपत्तीला तोंड कसे देते

आपला प्रश्न असा आहे की, ज्या देशाची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी आहे, ज्याच्याकडे स्वतःचे सैन्य नाही आणि ज्याची गावे समुद्रात दूरदूर विखुरलेली आहेत, असा देश मोठ्या चक्रीवादळानंतर मदतकार्य आणि पुनर्उभारणी यांची व्यवस्था कशी लावतो. आणि अशा वेळी इथून कपडे, धान्य, भांडी गोळा करून पाठवणे उपयोगी पडते का. पॅसिफिक बेटांवरील मदतकार्याच्या नियोजनाशी आणि मालपुरवठ्याशी माझा दीर्घकाळ संबंध आहे. सर्वच बेटराष्ट्रांविषयी सर्वसाधारण विधाने करण्यापेक्षा वानुआतू या एका देशाचे उदाहरण घेऊन उत्तर दिले, तर ते अधिक नेमके होईल असे मला वाटते. २०१५ ते २०२४ या काळात चक्रीवादळे, दुष्काळ, ज्वालामुखी आणि भूकंप हे सारे या देशाने भोगले आहे आणि त्यातून त्याची व्यवस्था घडत, मोडत आणि पुन्हा घडत गेली आहे.

माझे मुख्य म्हणणे आधीच मांडतो. अशा देशात पहिल्या आठवड्याचे मदतकार्य गाव स्वतःच करते, कारण दुसरे कोणी तिथे वेळेवर पोहोचूच शकत नाही. राजधानीतील यंत्रणेचे काम त्यानंतर सुरू होते, आणि त्या कामाचा सर्वांत अवघड भाग वादळाशी संबंधित नसतो. बाहेरून धावून येणाऱ्या मोठ्या देशांना आणि संस्थांना आपण ठरवलेल्या क्रमाने काम करायला लावणे, हा तो भाग आहे. वानुआतूने हे कसे साधले, आणि कुठे साधले नाही, हे समजले तर बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

भूगोल थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस आणि फिजीच्या पश्चिमेस उत्तर-दक्षिण पसरलेली ही ८३ बेटांची साखळी आहे. तिची लांबी सुमारे १,३०० किलोमीटर, म्हणजे साधारण मुंबई ते दिल्लीएवढी आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या तीन लाखांवर पोहोचली. १९८० पर्यंत हा प्रदेश ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या संयुक्त अमलाखाली होता. आज देशाचे सहा प्रांत आहेत. शंभराहून अधिक स्थानिक भाषा बोलल्या जातात आणि बिस्लामा ही सर्वांना जोडणारी भाषा आहे. राजधानी पोर्ट व्हिला एफाते बेटावर आहे, तर दुसरे शहर लुगनव्हिल उत्तरेकडील सांतो बेटावर. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम असतो. ज्वालामुखी आणि भूकंप यांना हंगाम नसतो.

महाराष्ट्रातील वाचकाला यातील मूळ अडचण एका फरकावरून लक्षात येईल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात धडकले, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आधीच किनाऱ्यावर आल्या होत्या आणि विजेचे खांब उभे करण्यासाठी इतर जिल्ह्यांतून कर्मचारी आणता आले. श्रीवर्धनचे हाल झाले तरी पुणे, नाशिक, कोल्हापूर शाबूत होते. वानुआतूमध्ये असा शाबूत राहिलेला मागचा प्रदेश बहुधा नसतो. एकच वादळ निम्म्याहून अधिक लोकसंख्येला झोडपून जाते. मदत करणारा अधिकारी, बोट चालवणारा खलाशी आणि दवाखान्यातील परिचारिका यांच्याच घरांची छपरे उडालेली असतात.

म्हणून सुरुवात गावापासून करावी लागते. अनेक गावांत आपत्ती आणि हवामान बदल यांसाठी ग्रामसमिती असते. तिच्यात गावप्रमुख, चर्चचे प्रतिनिधी, शिक्षक, स्त्रिया आणि तरुण असतात. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस आहे, कोणाला चालता येत नाही, कोणती इमारत वाऱ्यात टिकेल, प्यायचे पाणी कुठे झाकून ठेवायचे, याची यादी या समितीने वादळाच्या आधीच केलेली असते. वादळानंतरचा पहिला पंचनामाही तीच करते आणि तो क्षेत्र परिषदेमार्फत प्रांताकडे पाठवते. ज्या गावांत समित्या जिवंत आहेत आणि ज्या गावांत त्या फक्त कागदावर आहेत, त्यांच्यातील फरक आपत्तीनंतर लगेच दिसतो: पहिल्या प्रकारच्या गावाकडून आकडे येतात, दुसऱ्याकडून केवळ आकांत येतो, आणि नियोजनाच्या टेबलावर आकड्यांना आधी उत्तर मिळते. हे अन्यायकारक आहे, पण खरे आहे. म्हणूनच समित्या जिवंत ठेवण्यावर खर्च केलेला पैसा मला सर्वांत मोलाचा वाटतो. दुर्दैवाने आपत्ती नसलेल्या वर्षात त्यासाठी देणगीदार मिळणे सर्वांत कठीण असते.

इशारा देण्याची पद्धतही याच गृहीतकावर उभी आहे. या भागातील चक्रीवादळांचा मागोवा फिजीतील नांदी येथील प्रादेशिक केंद्र घेते, पण वानुआतूच्या नागरिकांसाठीचे इशारे देशाचा स्वतःचा हवामान आणि भूसंकट विभाग देतो. तो विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन कार्यालय एकाच मंत्रालयाखाली आहेत. ही बाब वरवर क्षुल्लक वाटली तरी महत्त्वाची आहे, कारण अंदाज वर्तवणारा आणि निर्णय घेणारा यांच्यात फाईल फिरवण्याची वेळ येत नाही. लोकांसाठी निळा, पिवळा आणि लाल असे तीन टप्पे ठरलेले आहेत: निळ्याला तयारी सुरू करायची, पिवळ्याला ती पूर्ण करून सुरक्षित जागा गाठायची, आणि लाल असेपर्यंत बाहेर पडायचे नाही. मला विशेष आवडणारी गोष्ट म्हणजे वादळाचा माग ठेवण्यासाठी वाटलेला नकाशा. त्यावर अक्षर आणि अंक यांनी ओळखल्या जाणाऱ्या चौकोनांची जाळी आखलेली असते आणि प्रत्येक बातमीपत्रात वादळाचे केंद्र कोणत्या चौकोनात आहे ते सांगितले जाते. अक्षांश-रेखांश न समजणारा शेतकरीही रेडिओ ऐकत त्या चौकोनावर खूण करतो आणि वादळ आपल्या बेटाकडे येत आहे की दूर जात आहे, हे स्वतः ठरवतो. इंटरनेट नसतानाही ही पद्धत चालते. २०१५ मध्ये याला भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांची जोड मिळाली होती.

त्या वर्षीचे पॅम हे वादळ या व्यवस्थेची पहिली मोठी परीक्षा ठरले. १३ मार्च २०१५ च्या रात्री ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह ते एफातेजवळून गेले आणि पुढे दक्षिणेकडील एरोमांगो आणि तान्ना या बेटांवर तुटून पडले. सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना, म्हणजे निम्म्याहून अधिक देशाला, त्याचा फटका बसला, सुमारे ६५ हजार लोक बेघर झाले आणि सुमारे १७ हजार इमारती पडल्या किंवा मोडल्या. राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लोन्सडेल त्या वेळी जपानमधील सेंडाई येथे आपत्तीचा धोका कमी करण्याविषयीच्या जागतिक परिषदेला गेले होते, आणि तिथूनच त्यांनी जगाला मदतीचे आवाहन केले. एवढ्या तीव्र वादळात सुरुवातीला नोंदवले गेलेले मृत्यू मात्र ११ होते. पूर्वसूचना, शाळा आणि चर्चच्या पक्क्या इमारती, आणि तान्नासारख्या बेटावरील जमिनीलगतची पारंपरिक गवती घरे या तिन्हींचा त्यात वाटा होता. पत्र्याचे घर सोडून लोक अशा जुन्या पद्धतीच्या घरांत जाऊन बसले आणि वाचले, हे आधुनिक बांधकामाचा आग्रह धरणाऱ्या आम्हा सर्वांना नीट ऐकून घ्यावे लागले.

जीव वाचले, पण अन्न गेले. दक्षिणेकडे शेतातील जवळजवळ सर्व पिके नष्ट झाली. अन्न आणि कृषी संघटनेचा अंदाज ९६ टक्क्यांचा होता. इथे ग्रामीण कुटुंबाचे पोट बागेवर चालते: अळकुड्या, कोनफळाच्या जातीचे कंद, रताळी, कसावा, केळी, नीरफणस आणि नारळ. बागेचे नुकसान एकाच दिवशी होत असले तरी उपासमार त्या दिवशी येत नाही. पडलेली केळी आणि फळे पहिल्या एकदोन आठवड्यांत खाऊन संपतात. उपटलेला कसावा लवकर सडतो. म्हणून जाणते शेतकरी वादळाआधीच त्याचे शेंडे छाटून टाकतात, म्हणजे वारा झाड मुळासकट उपटत नाही आणि कंद जमिनीत सुरक्षित राहतो. त्यानंतर मात्र एक पोकळी येते. लवकर येणाऱ्या रताळ्यालाही तीन-चार महिने लागतात, कंदांना आणि केळीला त्याहून जास्त, आणि नारळ-नीरफणसाला वर्षे. बाहेरच्या जगाचे लक्ष पहिल्या पंधरवड्यात असते, तर भूक दुसऱ्या महिन्यात सुरू होते. तांदूळ आणि डबाबंद मासळी यांचे वाटप आणि लागवडीसाठी बियाणे, रताळ्याच्या वेली, कंदांचे डोळे यांचे वाटप ही दोन वेगवेगळी वेळापत्रके आहेत, आणि दुसरे चुकले तर पहिले कितीही लांबवावे लागते. पॅमनंतर लोकांनी पुन्हा लागवड केली तोच २०१५-१६ च्या एल निनोचा दुष्काळ आला आणि कोवळ्या बागा करपल्या. कोकणातील ज्या बागायतदारांनी निसर्ग वादळात नारळ-सुपारीच्या वाड्या गमावल्या, त्यांना यातील वेदना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता राजधानीकडे वळू. पूर्वी २००० चा आपत्तीविषयक कायदा लागू होता, आता २०१९ चा आहे. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने आणीबाणी जाहीर होते, सचिव पातळीवरील राष्ट्रीय समिती धोरण ठरवते आणि आपत्ती व्यवस्थापन कार्यालय ते राबवते. सहा प्रांतांत त्यांच्या स्वतःच्या समित्या आहेत. सैन्य नसल्यामुळे पोलिसांचेच निमलष्करी दल आणि सागरी विभाग कामाला येतात. आरोग्य, पाणी, शिक्षण, निवारा, अन्नसुरक्षा, महिला आणि दुर्बलांचे संरक्षण, मालपुरवठा अशा विषयांचे गट केलेले असून प्रत्येक गटाचे नेतृत्व संबंधित सरकारी खाते करते आणि संयुक्त राष्ट्रांची किंवा स्वयंसेवी संस्था त्याला साहाय्य करते. पाणी खात्याचा माणूस अध्यक्ष आणि आंतरराष्ट्रीय संस्थेचा माणूस सहायक, हा क्रम कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात त्या खात्यात मोजकी माणसे असतात, त्यांच्या स्वतःच्या घरांवर छप्पर नसते, आणि समोर बसलेल्या संस्थेकडे पन्नास जणांचा चमू, उपग्रह दूरध्वनी आणि तयार आराखडा असतो. अशा बैठकीत क्रम उलटायला फारसा वेळ लागत नाही.

पॅमनंतर नेमके हेच झाले. विमानतळ उघडताच अनेक देशांची लष्करी विमाने आणि संस्थांची पथके उतरली. फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा १९९२ पासून असा समझोता आहे की, पॅसिफिकमधील आपत्तीच्या वेळी तिघांनी आपली मदत एकमेकांशी जुळवून घ्यायची. न्यू कॅलेडोनिया हा फ्रान्सचा बेटप्रदेश जवळच असल्याने फ्रेंच विमानेही लवकर पोहोचतात. लष्करांशी जुळवून घेणे त्यामुळे तुलनेने सोपे गेले. अनेक स्वयंसेवी संस्थांनी मात्र स्वतःच्या पाहण्या केल्या, त्याच गावांना तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि सरकारी परवानगीची वाट न पाहता वाटप सुरू करण्याचा आग्रह धरला. वानुआतूच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. बाहेरच्या पत्रकारांनी तेव्हा तिचा अर्थ 'सरकारच मदत अडवते आहे' असा लावला. मला तो अर्थ आजही चुकीचा वाटतो. कोणत्या बेटाला जहाज गेले आणि कोणत्या बेटाला गेले नाही, याचा एकच हिशेब कोणीतरी ठेवला नाही, तर रस्त्याच्या आणि विमानतळाच्या जवळच्या गावांना तीनदा मिळते आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गावाला एकदाही मिळत नाही. सरकारचा विलंब आणि सरकारचा हिशेब या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, म्हणून त्या वेगळ्या ओळखायला शिकावे लागते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच येते. पॅमनंतर कोणीही न मागितलेल्या वस्तूंनी भरलेले सत्तरहून अधिक कंटेनर पोर्ट व्हिलाच्या बंदरात आले. दहा महिन्यांनंतरही त्यांतील १८ कंटेनर कोणी सोडवून न नेल्याने तिथेच पडून होते, त्यांचे भाडे आणि शुल्क साचत गेले होते आणि आतील बराचसा खाद्यमाल मुदतबाह्य झाला होता. पुढच्या वर्षी फिजीमध्ये विन्स्टन वादळानंतर असे १३३ कंटेनर आले. पाठवणाऱ्यांच्या मनात कणभरही खोट नव्हती. पण एका लहान बंदरात धक्का एक, क्रेन मोजक्या आणि गोदामे तुडुंब भरलेली असतात; जुन्या कपड्यांचा प्रत्येक कंटेनर तिथे ताडपत्री, पाणी शुद्धीकरणाची साधने किंवा औषधे यांची जागा आणि वेळ खातो. त्यामुळे कपडे, धान्य, भांडी पाठवू नयेत. पैसे पाठवावेत, आणि तेही तिथे आधीपासून काम करणाऱ्या, स्थानिक कर्मचारी असलेल्या संस्थेला. रेड क्रॉसची राष्ट्रीय शाखा हा त्यातला सरळ मार्ग आहे. त्या पैशांतून माल शक्यतो तिथल्याच घाऊक व्यापाऱ्याकडून घेतला गेला, तर दुकानेही उभी राहतात.

मालाविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण बेटराष्ट्रात पुरवठा हाच निम्मा प्रतिसाद असतो. राजधानीत माल पोहोचला म्हणजे मदत पोहोचली, असा समज बाहेर असतो. वास्तविक तिथून पुढचा प्रवास अधिक कठीण असतो. बहुतेक बेटांना मोठा धक्का नाही. सपाट तळाची जहाजे सरळ वाळूवर चढवून माल उतरवावा लागतो, किंवा खोल पाण्यात नांगर टाकून लहान होड्यांनी लाटा ओलांडत तो आणावा लागतो. समुद्र खवळलेला असेल तर जहाज दिवसभर समोर उभे राहते आणि माल न उतरवता परत जाते. म्हणून ताडपत्र्या, दोर, हत्यारे, पाण्याचे डबे यांचा साठा हंगामापूर्वीच प्रांतांत नेऊन ठेवणे आणि आंतरबेट जहाजांच्या मालकांशी दर आधीच ठरवून ठेवणे, ही दोन कामे मला कोणत्याही परदेशी लष्करी जहाजापेक्षा महत्त्वाची वाटतात. २०२४ च्या मे महिन्यात एअर वानुआतू ही राष्ट्रीय विमान कंपनी अवसायनात गेली, तेव्हा देशांतर्गत उड्डाणे ठप्प झाली. ही बातमी आर्थिक पानावर छापली गेली, पण आमच्या क्षेत्रातील प्रत्येकाला तिच्यात आपत्ती व्यवस्थापनाची बातमी दिसली.

२०२० साली वानुआतूला स्वतःची व्यवस्था स्वतः चालवून पाहण्याची वेळ आली, आणि ती परिस्थितीनेच आणली. ६ एप्रिल २०२० रोजी हॅरॉल्ड हे पाचव्या श्रेणीचे वादळ सांतोवर धडकले आणि पेंटेकोस्टवरून पुढे गेले. उत्तरेकडील तीन प्रांतांतील सुमारे १ लाख ५९ हजार लोकांना त्याची झळ बसली, लुगनव्हिल शहर स्वतःच उद्ध्वस्त झाले. त्या वेळी देशात कोविडचा एकही रुग्ण नव्हता आणि सीमा बंद होत्या. मार्चमध्ये निवडणूक झाली होती, नवे सरकार अजून बनले नव्हते. सरकारने निर्णय घेतला की माल येऊ द्यायचा, माणसे नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फ्रान्स यांच्या विमानांनी आणलेला माल उतरवून, काही काळ वेगळा ठेवून आणि निर्जंतुक करून मगच पुढे पाठवला जाई. पाहण्या, याद्या, वाटप, हिशेब ही सर्व कामे देशातील अधिकारी, स्थानिक कर्मचारी, चर्च, व्यापारी आणि ग्रामसमित्या यांनी केली. परदेशी सल्लागार दुरून, संगणकाच्या पडद्यावरून बोलत. मदत काही ठिकाणी उशिरा पोहोचली, विशेषतः पेंटेकोस्टसारख्या बेटावर, आणि त्याचे दुःख झालेल्या लोकांना 'हा स्थानिक नेतृत्वाचा विजय आहे' असे सांगणे योग्य होणार नाही. तरीही बैठकांमधील क्रम या वेळी उलटला नाही. खात्याचा माणूस बोलला आणि बाकीच्यांनी ऐकले. देशात रोगही शिरला नाही. पहिला रुग्ण नोव्हेंबरमध्ये, तोही विलगीकरणात, सापडला.

पैसा हातात देण्याची एक नवी पद्धतही या काळात वाढली. एका स्वयंसेवी संस्थेने २०१९ मध्ये राजधानीजवळच्या गावांत चाचणी घेतलेली योजना हॅरॉल्डनंतर मोठ्या प्रमाणावर राबवली गेली: कुटुंबाला एक कार्ड मिळते, गावातील दुकानदाराकडे ते टेकवले की रक्कम वळती होते. बँक खाते नसलेल्या लोकांसाठी आणि आधीच बुडायला आलेल्या दुकानदारांसाठी ती उपयुक्त ठरली. याबाबतीत फिजी वानुआतूच्या पुढे आहे, हे मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी २०१६ च्या विन्स्टननंतर फिजी सरकारने दारिद्र्य भत्ता मिळणाऱ्या कुटुंबांना त्याच यंत्रणेतून ६०० फिजी डॉलर एकरकमी दिले आणि भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढण्याची मुभा दिली. याद्या आधीच तयार होत्या, म्हणून महिन्याभरात पैसे पोहोचू शकले. वानुआतूत बहुसंख्य लोक बागेवर जगतात आणि अशी देशव्यापी भत्ता योजना नाही, म्हणून यादी दर वेळी पहिल्यापासून करावी लागते.

ज्वालामुखीने वेगळाच प्रश्न उभा केला. सप्टेंबर २०१७ मध्ये अंबाए बेटावरील मानारो ज्वालामुखी भडकला आणि सरकारने सुमारे ११ हजार लोकांचे संपूर्ण बेट रिकामे करण्याचा आदेश दिला. लोकांना स्थानिक जहाजांनी सांतो, माएवो आणि पेंटेकोस्टला हलवले गेले. स्थलांतर स्वतः सुरळीत पार पडले. महिन्याभरात लोक परतलेही. २०१८ मध्ये राखेने बागा आणि पाणी खराब झाले आणि पुन्हा बेट सोडावे लागले. वानुआतूतील जमीन परंपरेने स्थानिक घराण्यांच्या मालकीची असते, सरकारची नसते. यजमान बेटावर तंबू टाकायला जागा मिळते, पण बाग करायला जमीन कोणी आणि कोणत्या अधिकाराने द्यायची? परक्या जमिनीवर कंद लावला तर त्याचे पीक कोणाचे? हे प्रश्न कोणत्याही आपत्ती आराखड्यात सुटत नाहीत. ते गावप्रमुखांच्या बैठकीत, सभास्थानी काव्हा हे मुळांपासून केलेले पारंपरिक पेय पीत, देवाणघेवाणीच्या जुन्या नात्यांच्या आधाराने सोडवावे लागले. जिथे दोन बेटांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक होती तिथे ते लवकर सुटले. मुलांना मध्येच शाळा बदलावी लागली, गुरे मागे राहिली, आणि काही कुटुंबे परत गेलीच नाहीत.

पुनर्उभारणीविषयी बोलताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पॅमचे नुकसान आणि तोटा मिळून सुमारे ४५ कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६४ टक्के मोजला गेला. पॅसिफिक देशांच्या सामाईक विमा योजनेतून वानुआतूला काही दिवसांतच १९ लाख डॉलर मिळाले. पहिल्या आठवड्याच्या खर्चाला ती रक्कम खरोखर कामी आली, पण एकूण नुकसानीच्या ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती. बाकीचा पैसा अनुदाने, कर्जे आणि प्रकल्प यांच्या रूपाने वर्षानुवर्षे येत राहतो. शाळेच्या एका वर्गखोलीसाठी आराखडा, निविदा, ठेकेदार, जहाजाने सिमेंट, आणि वाळूही चांगल्या प्रतीची हवी असेल तर तीही दुसरीकडून, असा क्रम असतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेली पॅमनंतरची शाळा आणि रस्ते यांची कामे पूर्ण होण्याआधीच हॅरॉल्ड आले. त्यानंतर सरकारने वादळ आणि कोविड या दोन्हींसाठी मिळून 'युमी एव्हरिवान तुगेटा', म्हणजे 'आपण सगळे मिळून', या नावाचे २०२० ते २०२३ चे पुनर्उभारणी धोरण केले आणि त्याची सूत्रे पंतप्रधान कार्यालयातील नियोजन विभागाकडे दिली. त्याची मुदत संपण्याआधीच, १ आणि ३ मार्च २०२३ रोजी, ज्युडी आणि केविन ही दोन वादळे अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने आली. मध्येच सांतोजवळ मोठा भूकंपही झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हंगाम सुरू होण्यापूर्वीच, लोला आले. मदत आणि पुनर्उभारणी हे एकामागून एक येणारे दोन टप्पे आहेत, ही आपल्या पाठ्यपुस्तकांतली मांडणी इथे टिकत नाही. एकाच अधिकाऱ्याच्या टेबलावर तीन आपत्तींच्या फाईली एकाच वेळी उघड्या असतात, आणि प्रत्येक देणगीदाराला स्वतःच्या आपत्तीचा वेगळा अहवाल हवा असतो. लहान देशांना पैशाबरोबर कोणती एक सवलत द्यावी असे मला विचारले, तर मी सांगेन की सर्व देणगीदारांनी एकच अहवाल स्वीकारावा.

१७ डिसेंबर २०२४ च्या दुपारी ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि तो नेमका राजधानीजवळ झाला. तोपर्यंत सारी व्यवस्था अशी घडली होती की संकट बाहेरच्या बेटांवर येते आणि पोर्ट व्हिला मदत करते. या वेळी पोर्ट व्हिलाच जखमी झाले. पूर्वसूचना नव्हती, दूरसंचार बंद पडला, बंदराकडे जाणारा रस्ता दरडींनी अडला, विमानतळ प्रवासी उड्डाणांसाठी काही दिवस बंद राहिला. किमान १४ जणांचा मृत्यू झाला. कोसळलेल्या इमारतींमधून पहिली माणसे बाहेर काढली ती रस्त्यावरच्या लोकांनी आणि बांधकाम व्यावसायिकांच्या यंत्रांनी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फ्रान्सची शोधपथके नंतर पोहोचली. ग्रामसमित्यांची जी बांधणी खेड्यांत आहे, ती शहरात नव्हती: वेगवेगळ्या बेटांवरून आलेले भाडेकरू शेजारीशेजारी राहतात, त्यांचा एक गावप्रमुख नसतो आणि त्यांच्याकडे बागही नसते. भारताने या भूकंपानंतर पाच लाख डॉलरची मदत जाहीर केली. याहून टिकाऊ उपयोगाची अशी एक गोष्ट भारताकडे आहे: दिल्लीत मुख्यालय असलेली आपत्तीरोधक पायाभूत सुविधांसाठीची आंतरराष्ट्रीय आघाडी, जिने २०२१ पासून लहान बेटराष्ट्रांसाठी खास उपक्रम चालवला आहे. भूकंपानंतर इमारत वापरण्याजोगी आहे की पाडावी लागेल हे ठरवणारे अभियंते वानुआतूत फार थोडे आहेत. त्यामुळे धोकादायक इमारतींचा भाग दीर्घकाळ कुंपण घालून बंद ठेवावा लागला, आणि तिथली दुकाने, कार्यालये आणि रोजगारही त्याबरोबर बंद राहिले. स्थानिक अभियंत्यांना अशा तपासणीचे प्रशिक्षण देणे, शहरी वस्त्यांमध्ये भाडेकरूंना धरून समित्या बांधणे आणि राजधानी ठप्प झाल्यास लुगनव्हिलहून कारभार चालवता येईल अशी तयारी ठेवणे, ही कामे माझ्या मते तिथे आता सर्वांत आधी व्हायला हवीत.